आधी दमणूक उतरवा, मग नवं काही सुरू करा

पंचेचाळिशीच्या बाईला 'आता जरा स्वतःसाठी जग' असं सांगणारे चहूकडे भेटतात. योगा लाव, झुंबा लाव, छंद जोपास, घरबसल्या काहीतरी सुरू कर. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण तिच्या दिवसात आधीच जागा उरलेली नसते, त्यात हे आणखी एक काम येऊन पडतं. चार दिवस ती पहाटे उठून योगा करते, पाचव्या दिवशी सासूबाईंना ताप येतो, योगा सुटतो आणि 'मला साधं एवढंही जमत नाही' ही टोचणी तेवढी मागे राहते.

या वयातल्या बायकांच्या गटांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. बँकेतल्या, शाळेतल्या, दुकान सांभाळणाऱ्या, पूर्णवेळ घर बघणाऱ्या अशा सगळ्या त्यात असतात. त्यांच्याकडे बघून माझं एक मत पक्कं झालं आहे. क्रम चुकला की सगळं फसतं. पहिल्यांदा शरीर तपासायचं. मग कामाचं ओझं मोजून त्यातलं खरोखर काही उतरवायचं. मग झोप भरून काढायची, त्यानंतर पैशाची बाजू बघायची. नव्या आयुष्याचा विचार या सगळ्याच्या नंतर. जीव मेटाकुटीला आलेला असताना घेतलेला मोठा निर्णय बहुतेक वेळा फक्त सुटका शोधत असतो, आणि सुटकेच्या घाईत चांगली नोकरी, साठवलेला पैसा किंवा जवळची माणसं हातची जातात.

ही नुसती दमणूक आहे का, ते ओळखा

रविवारी दुपारची झोप काढून किंवा चार दिवस माहेरी राहून जो थकवा जातो, तो साधा थकवा. जो विश्रांतीनेही जात नाही, त्याच्याबद्दल इथे बोलतो आहोत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली तेव्हा तीन खुणा सांगितल्या: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामावरून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. ही व्याख्या नोकरी-धंद्याच्या कामापुरतीच आहे. घरकाम आणि माणसांची उस्तवार त्यात धरलेली नाही, हे मला अपुरं वाटतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. पावणेपाच तासांच्या वरची ही शिफ्ट, आणि तिला पगार नाही, रजा नाही, निवृत्तीही नाही.

घरात त्या तीन खुणा अशा दिसतात. फोन वाजला की कोणाचा आहे हे बघायच्या आधीच छातीत धस्स होतं. मुलगी कॉलेजमधलं काही उत्साहाने सांगत असते, तुम्ही 'हं, हं' करता आणि नंतर एक शब्द आठवत नाही. वर्षानुवर्षं डोळे मिटून केलेली आमटी खारट होते. गॅसवर दूध ठेवून तुम्ही तिथेच उभ्या असता, तरी ते उतू जातं. कोणी 'बरी आहेस ना?' असं नीट विचारलं तर रडू फुटेल, म्हणून तुम्ही माणसं टाळता.

इथे एक सीमारेषा लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज मन उदास असेल, आवडत्या गोष्टींतही रस वाटत नसेल, भूक-झोप पार बिघडली असेल, आपण कुणालाच नको आहोत असं वाटत असेल, तर हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जगणं नको वाटत असेल तर उद्यावर ढकलू नका. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. फोन विनामूल्य आहे, रात्रीअपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं आणि थायरॉइडसाठी डॉक्टरकडे जाणं यात काडीचा फरक नाही.

तपासण्या करून घ्या, अंगावर काढू नका

आपल्या बायका दुखणं अंगावर काढण्यात तरबेज असतात. नवऱ्याची शुगर, सासऱ्यांचं बीपी, मुलाचा दात या सगळ्यांच्या तारखा तोंडपाठ, आणि स्वतःचं हिमोग्लोबिन शेवटचं बाळंतपणात बघितलेलं. पुढची कुठलीही पायरी यानंतरच घ्या, असं मी आग्रहाने सांगते. रक्त कमी असेल तर वेळेचं नियोजन, सकारात्मक विचार, ध्यानधारणा यांपैकी काहीही पुरं पडत नाही.

फॅमिली डॉक्टरांना या तपासण्यांबद्दल विचारा: सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, ड जीवनसत्त्व, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि रक्तदाब. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया, म्हणजे रक्तक्षय, आढळला. महाराष्ट्रातही अर्ध्याहून जास्त बायका त्यात मोडतात. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया. पण हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेला असू शकतो. जिना चढताना धाप लागणं, केस गळणं, पाय ओढणं हे सगळं त्यातून होतं, म्हणून फेरिटिन वेगळं सांगून करून घ्या. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका. चहाने लोह अंगी लागत नाही, मध्ये तास-दोन तास जाऊ द्या. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर बरं. कॅल्शियमची गोळी दिवसाच्या दुसऱ्या वेळेला. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्याने येणारा विसरभोळेपणा, हातापायाला येणाऱ्या मुंग्या यांना 'वय झालं' म्हणून सोडून दिलं जातं.

मग पाळी. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. भारतीय बायकांमध्ये हे सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं आधी. त्याच्या अलीकडची चार-पाच वर्षं हार्मोन वरखाली होत असतात, म्हणजे चाळिशी-बेचाळिशीतच त्रास सुरू होऊ शकतो. अंगातून एकदम वाफा निघणं, रात्री घामाने जाग येणं, धडधड, सांधे दुखणं, शब्द ओठावर येऊन न आठवणं, क्षुल्लक गोष्टीवरून भडका उडणं. 'तू हल्ली फार चिडतेस' हे ऐकून ज्यांना अपराधी वाटतं, त्यांच्यापैकी कितीतरी जणी मुळात रात्रीची सलग झोपच विसरलेल्या असतात. त्रास जास्त असेल तर हार्मोन उपचारांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी मोकळेपणी बोला. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतील तर ते सहसा देत नाहीत, पण बाकी अनेकींना त्यांनी खूप आराम पडतो आणि हार्मोनशिवायची औषधंही आहेत.

दर तासाला पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, सात दिवसांच्या पुढे रक्त जाणं याला 'या वयात होतंच' म्हणू नका. आणि पाळी पूर्ण थांबून वर्ष झाल्यावर एकदा जरी डाग दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

इथे मला एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. तक्रार घेऊन गेलेल्या बाईला 'मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका' असा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या अशा शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये इतका गदारोळ झाला की राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गर्भाशय काढणं कधीकधी खरोखर गरजेचं असतं. पण जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची साधनं आहेत, छोट्या प्रक्रिया आहेत. शिवाय बीजांडकोशही (ओव्हरी) काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येऊन आदळते, हाडं आणि हृदय दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय तारीख ठरवू नका. 'बीजांडकोश ठेवणार की काढणार?' हा प्रश्न स्वतःच्या तोंडाने विचारा.

एक आठवडा सगळी कामं लिहून काढा

रिपोर्ट येईपर्यंत एक वही घ्या. मोबाइलपेक्षा वही बरी, कारण ती पुढे घरातल्यांसमोर ठेवायची आहे. सात दिवस जे जे कराल ते लिहा. आणि ज्याच्याबद्दल फक्त विचार करावा लागतो, लक्ष ठेवावं लागतं, आठवण ठेवावी लागते, तेही वेगळ्या शाईने लिहा. बायकांना खरं थकवतं ते हे दुसरं काम. पोळ्या करायला अर्धा तास लागतो, पण कणीक संपत आली आहे, दळण टाकायला हवं, गिरणी सोमवारी बंद असते, तेव्हा रविवारीच कुणालातरी पाठवलं पाहिजे, हे डोक्यात दिवसभर चालू असतं. गॅसची नोंदणी, सोसायटीचा मेंटेनन्स, बँकेची केवायसी, मुलाच्या फॉर्मची शेवटची तारीख, नणंदेच्या मुलीच्या केळवणाला काय द्यायचं, हे सगळं त्यातच आलं.

नमुना म्हणून गौरी-गणपती घ्या. घरातल्यांना आठवते ती पुरणपोळी आणि आरती. एका बाईने आमच्या गटात गौरींची वही केली होती. माळ्यावरून मुखवटे आणि पितळी भांडी काढणं, ती चिंचेने घासणं, साड्यांना फॉल लागलाय का बघणं, करंज्या-लाडू, सवाष्ण सांगणं आणि तिच्या घरच्या सुतकाची चौकशी, सोळा भाज्यांपैकी कुठल्या या पावसात मिळणार याचा अंदाज, फुलवाल्याला आगाऊ सांगणं, मोठ्या काकांचं पथ्य आणि धाकट्या जावेचं शेंगदाण्याचं वावडं लक्षात ठेवणं, ऑफिसात रजा मागणं, आणि विसर्जनानंतर सगळं पुन्हा कोरडं करून माळ्यावर. दोन पानं भरली. तिच्या नवऱ्याने ती वाचली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'मला वाटत होतं तुला हे सगळं आवडतं.' आवडत होतंच तिला. पण सगळं एकटीने करणं आवडत नव्हतं.

आठवडा झाला की प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा: हे मीच करायला हवं, हे दुसऱ्या कुणी करू शकतं, हे पैसे देऊन होऊ शकतं, हे केलं नाही तरी चालेल. पहिल्या गटात फार ओळी राहिल्या तर एकदा मैत्रिणीबरोबर बसून यादी बघा. आपल्याला अपरिहार्य वाटणारी निम्मी कामं दुसरीला तशी वाटत नाहीत.

काम सोडायचं तर मुळापासून सोडा

बहुतेक घरं इथेच अडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 'मी मदत करतो, काय करू सांग' यात काम हलतं पण डोक्यातली जबाबदारी तुमच्याकडेच राहते. सांगायचं, आठवण करायची, झालं का बघायचं, हे तुम्हीच करता. म्हणून सुटं काम देऊ नका, आख्खं खातं द्या. असं बोलता येईल: 'आजपासून आईंच्या औषधांचं सगळं तुम्ही बघा. कुठली गोळी कधी संपते, डॉक्टरांची पुढची तारीख, रिपोर्टची फाइल, सगळं. आठवडाभर मी शेजारी बसून समजावते. त्यानंतर मी आठवण करणार नाही.' आणि मग खरंच करू नका.

कठीण भाग त्यापुढे सुरू होतो. गोळी एक दिवस उशिरा येईल. कॉलेजातला मुलगा भाजी आणायला गेला तर जून भेंडी आणि निबर गवार घेऊन येईल. डाळीत मीठच नसेल. तीन-चार आठवडे हे सहन करा. जिवाला धोका नसलेली चूक ज्याने केली त्यालाच निस्तरू द्या. 'दे इकडे, त्यापेक्षा मीच करते' हे वाक्य एकदा तोंडून गेलं की ते खातं पुन्हा आपल्या गळ्यात पडतं, आणि दुसऱ्यांदा सोडणं दुप्पट अवघड होतं. दुसऱ्याच्या पद्धतीने घडी घातलेले टॉवेल तसेच कपाटात जाऊ देणं हीसुद्धा सवय आहे, ती लावून घ्यावी लागते.

सासूबाई घरात असतील तर त्यांना विरोधी पक्षात ढकलू नका. 'आमच्या वेळी आम्ही सगळं करत होतो' हे खरंच असतं, त्यांनी केलेलं असतं. वाद घालण्यापेक्षा त्यांच्याशेजारी बसून विचारा, 'आई, यातलं देवाला काय लागतं आणि लोकांसाठी आपण काय वाढवत गेलो?' अनेक घरांत सोळाच्या पाच भाज्या सासूबाईंनीच केल्या आहेत. मनातून त्यांनाही ते हवंच होतं, सुनेने विचारायची खोटी होती.

पैसे देऊन होणारी कामं बघताना एक जुना हिशेब मोडा. पोळ्यावाल्या मावशींचा पगार बाईच्या पगारातून वजा केला जातो, जणू पोळ्या फक्त तीच खाते. तो घरखर्चातला खर्च आहे. मावशी ठेवणं परवडत नसेल तर आठवड्यातले दोन-तीन दिवस पोळी-भाजी केंद्रातून आणता येतं का बघा. आणि आपली दमणूक उतरवताना ती दुसऱ्या बाईवर लादू नका. मावशींनाही हक्काची सुट्टी आणि आजारपणाचा पगार द्या.

आई-वडिलांचं आजारपण ही वेगळीच गोष्ट. तिथे भावंडांची बैठक घ्याच. जो परदेशात किंवा दुसऱ्या गावात आहे त्याने पैसे द्यावेत, विम्याची कागदपत्रं आणि ऑनलाइन बुकिंग बघावं, आणि वर्षातून ठरलेले आठवडे येऊन राहावं, म्हणजे तुम्हाला तेवढी सुट्टी मिळेल. 'तू जवळ आहेस ना' हा कामाच्या वाटपाचा नियम होऊ शकत नाही. फोनवर बोलताना गडबड होते, म्हणून ठरलेलं कुटुंबाच्या ग्रुपवर लिहून टाका.

झोप भरून काढा, आणि तोवर मोठे निर्णय नकोत

तपासण्या आणि कामाची वाटणी झाली की दीड-दोन महिने काहीच नवीन करू नका. राजीनामा नाही, कोर्स नाही, धंदा नाही, घटस्फोटाचा निर्णयही नाही. (घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर हे लागू नाही. तिथे थांबू नका, १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा जिल्ह्याच्या सखी केंद्रात आजच बोला.)

झोपायची आणि उठायची वेळ ठरलेली ठेवा, दुपारनंतर चहा-कॉफी बंद. घामाने जाग येत असेल तर सुती कपडे आणि पंखा. जोरात घोरत असाल आणि सकाळी डोकं जड असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यामागेही आजार असू शकतो. रोज अर्धा तास चाला, जमलं तर आठवड्यातून दोनदा हलकी वजनं उचला, कारण या वयापासून हाडं आणि स्नायू झिजू लागतात. व्यायामावर यापेक्षा जास्त लिहीत नाही, त्याची माहिती सगळीकडे मिळते.

रजेबद्दल मात्र लिहायला हवं, कारण बायका ती साठवून ठेवतात आणि कधीच घेत नाहीत. राज्य सरकारी सेवेतल्या महिलांना मूल १८ वर्षांचं होईपर्यंत संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. केंद्र सरकारी सेवेत ती ७३० दिवसांपर्यंत आहे. मुलीच्या दहावी-बारावीला अर्जित रजा संपवणाऱ्या अनेक जणींना ही रजा शिल्लक आहे हेच माहीत नसतं. आस्थापना विभागात जाऊन रजेचा हिशेब लेखी मागून घ्या. आजारपणासाठी वैद्यकीय रजा घेताना अपराधी वाटून घेऊ नका, रक्त आठवर आलेली बाई आजारीच असते.

पैसा: स्वतःच्या नावावर काय आहे ते बघा

नवीन आयुष्याबद्दल बोलताना पैशाचा विषय बायका हळू आवाजात काढतात. माझा आग्रह आहे की तो आधी काढावा. एका कागदावर लिहा: फक्त माझ्या नावावर काय आहे, दोघांच्या नावावर काय, नवऱ्याच्या विमा आणि खात्यांवर नामनिर्देशन कुणाचं आहे. लग्नाआधी नवऱ्याने आईचं नाव घातलेलं असतं आणि ते पंचवीस वर्षं तसंच राहतं. दागिने लॉकरमध्ये असतील तर लॉकर कुणाच्या नावावर आहे, किल्ली कुठे आहे, हेही लिहा. तुमच्या एकटीच्या नावाचं एक बचत खातं हवंच, त्याचा ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येणारा.

नोकरी सोडायचा विचार असेल तर काही तारखा नीट बघा. पीएफमधून पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा पूर्ण लागते. ती भरत आलेली असताना राजीनामा टाकणं फार महाग पडू शकतं. ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात. राज्य सरकारी सेवेत २० वर्षांच्या अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या, सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मात्र १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांचा आणि नंतर लागलेल्यांचा निवृत्तिवेतनाचा हिशेब वेगळा आहे, तो लेखाशाखेतून करून घ्या. अर्ज द्यायच्या आधी सहा महिने फक्त पेन्शनच्या अंदाजे रकमेवर घर चालवून बघा. चाललं तर पुढे जा.

आणि माहेरचा हक्क. वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. महाराष्ट्राने ही दुरुस्ती १९९४ मध्ये केली, देशभर ती २००५ मध्ये आली, आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. या वयात आई-वडील जातात आणि भाऊ म्हणतो, 'ताई, फक्त एक सही हवी होती.' तो कागद बहुधा हक्कसोडपत्र असतो. सोडायचा की नाही हे तुम्ही ठरवा, प्रेमाने सोडणाऱ्याही असतात. पण सातबारा बघून, कागद घरी आणून, वकिलाला दाखवून ठरवा. एकदा नोंदणी झाली की ते मागे घेणं फार कठीण जातं. सुतकातल्या दिवसांत कुठल्याच कागदावर सही करू नका.

आता नवं काहीतरी, तेही छोट्या प्रमाणावर

इथवर आलेल्या काही जणींना लक्षात येतं की आयुष्य बदलायची गरजच नव्हती, कामांची वाटणी बदलायची होती. नोकरी त्यांना आवडतच होती. त्या इथे थांबल्या तरी उत्तम.

ज्यांना नवी वाट हवी आहे त्यांनी 'माझी आवड काय?' या प्रश्नाने सुरुवात करू नये. पंचवीस वर्षं कुणी न विचारलेला प्रश्न आहे तो, पटकन उत्तर येत नाही आणि उगीच पोकळ वाटतं. त्याऐवजी बघा, लोक तुमच्याकडे काय विचारायला येतात? हिशेब, पाककृती, मुलांचा अभ्यास, सरकारी फॉर्म, शिवण, भांडण मिटवणं? कुठलं काम करताना घड्याळ बघितलं जात नाही? त्यातलं एक निवडा आणि तीन महिने आठवड्यातून चार-पाच तास करून बघा. दुकान भाड्याने घेऊ नका, कर्ज काढू नका, व्हिजिटिंग कार्डही छापू नका. शिकवायचं असेल तर सोसायटीतल्या दोन मुलांना शिकवा. मसाले विकायचे असतील तर आधी दहा घरांना द्या, पूर्ण किंमत घेऊन. फुकट दिलेल्याचं सगळेच कौतुक करतात. किंमत काढताना गॅस, पिशव्या, ने-आण आणि स्वतःचे तास धरा. स्वतःचे तास न धरता काढलेला नफा ही पुन्हा बिनपगारी शिफ्टच झाली. खाद्यपदार्थ विकायचे तर छोट्या प्रमाणावरही एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर विनामूल्य होते, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

'घरबसल्या पॅकिंग करा, आधी पाच हजार भरा' किंवा 'आणखी चार मैत्रिणींना जोडा' अशा योजनांपासून लांब राहा. या वयाच्या बायका आणि त्यांच्या गाठीचा थोडा पैसा हेच त्यांचं लक्ष्य असतं. बचत गट हा त्याहून कितीतरी भरवशाचा रस्ता. राज्य सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून आहे. जिल्हा कार्यालयात जाऊन चौकशी करा. लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन केली, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्या सात जणी होत्या. एकटीला ताप आला की धंदा बंद पडतो, सात जणींचा पडत नाही.

शिक्षण अर्धवट राहिलं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नेमकं त्यासाठीच आहे, अभ्यास मराठीतून करता येतो. एसएनडीटी विद्यापीठात दूरशिक्षणाची सोय आहे. स्वयम् या सरकारी पोर्टलवर अभ्यासक्रम विनामूल्य बघता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तेव्हा परीक्षेची फी भरायची. वयाची लाज वाटत असेल तर हे आठवा: पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन उभं केलं ते मोठ्या वयाच्या बायकांना शिकवण्यासाठीच. कितीतरी जणी तिथून परिचारिका आणि शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. आपल्याकडे हा रस्ता शंभर वर्षांहून जुना आहे.

पदवी किंवा धंदा सोडून फक्त हिंडायचं असेल तर तेही चालेल. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. आमच्या गटातल्या तिघी महिन्यातून एकदा सकाळची गाडी पकडून जवळच्या एखाद्या गावी जातात, देऊळ, किल्ला, आठवडी बाजार असं काहीतरी बघतात आणि रात्री परत येतात. त्यांना त्यातून काही 'घडवायचं' नाही, आणि मला ते पूर्ण मान्य आहे.

जुनं पुन्हा अंगावर यायला लागलं तर

येतंच. लग्नसराई येते, कुणाचं तरी ऑपरेशन निघतं, सोडलेली खाती एकेक करून परत येतात. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या तीन धोक्याच्या खुणा लिहून ठेवा. कुणाची झोप पहाटे तीनला उडते, कुणी मैत्रिणींचे फोन उचलेनाशी होते, कुणी उभ्यानेच जेवायला लागते. तुमच्या तीन खुणा एका मैत्रिणीला सांगून ठेवा आणि तिला मोकळेपणी टोकायची परवानगी द्या, कारण आपल्याला त्या स्वतःहून उशिरा दिसतात. खूण दिसली की त्या आठवड्यातलं एक काम रद्द करा, पुढे ढकलू नका. दर सहा महिन्यांनी वही पुन्हा काढा, वर्षातून एकदा रक्त तपासा. तपासणीची पुढची तारीख आज, हा लेख वाचून झाल्यावर, भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा, स्वतःच्या नावासकट, म्हणजे घरातल्या सगळ्यांना ती दिसेल.